आईच्या पायातली चप्पल निसटू लागली : वयस्करांमधला एएनसीए व्हॅस्क्युलायटिस आणि मज्जातंतू

सांजवारा

नमस्कार मंडळी. आईच्या आजाराबद्दल मराठीत शोधलं तेव्हा हाती फारसं काही लागलं नाही, म्हणून हा धागा काढतेय. ज्यांच्या घरी साठी-सत्तरीचं कुणी आहे त्यांनी तरी जरूर वाचावा.

आई ७१ वर्षांची. आयुष्यभर धडधाकट, आणि साठी उलटल्यावर एकाएकी दमा सुरू झाला. सोबत नाक कायम चोंदलेलं, वास येईना, पॉलिपचं ऑपरेशनही झालं. मागच्या पावसाळ्यात वजन उतरायला लागलं, संध्याकाळी अंगात कसर यायची. "वय झालं, खाणं कमी झालंय" असं घरात आणि बाहेर सगळेच म्हणत होते. मग उजव्या पायातली चप्पल चालताना निसटायला लागली. पाऊल वर उचललंच जाईना, आणि पोटरीच्या बाहेरच्या अंगाला रात्रभर आग. गादी सरकली असेल म्हणून कमरेचा एमआरआय झाला. या वयात बहुतेकांच्या मणक्यात दिसते तेवढी झीज दिसली. पट्टा आणि गोळ्या घेऊन घरी आलो.

पुढच्या काही आठवड्यांत डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं, लाटणं धरवेना. कमरेच्या गादीने हाताची बोटं कशी जातील? हा प्रश्न घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी पायाला हात लावायच्या आधी विचारलं, "दमा कधीपासून? नाकाचा त्रास? लघवी कधी तपासलीय?" साध्या सीबीसीत इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) खूप वाढलेल्या निघाल्या. लघवीत प्रोटीन आणि लाल पेशी. मग एनसीव्ही (मज्जातंतूंच्या वेगाची तपासणी), एएनसीए ही रक्ततपासणी, शेवटी पायाच्या सुरल नर्व्हची बायोप्सी. निदान : ईजीपीए, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणणारा व्हॅस्क्युलायटिस. जुन्या पुस्तकांत चर्ग-स्ट्रॉस नावाने सापडेल.

दम्याची फाइल एकीकडे, नाकाची दुसरीकडे, कमरेची तिसरीकडे. सगळे कागद एका टेबलावर आले तेव्हा आजार दिसला. मला सांगायचं आहे ते एवढंच, पण ते फार महत्त्वाचं आहे.

पिंपळपान

सांजवाराताई, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. मी न्यूरॉलॉजीत काम करतो, म्हणून आतली बाजू थोडी मांडतो. ही सर्वसाधारण माहिती आहे, कुणाच्या रिपोर्टवरचं मत नाही.

मज्जातंतूलाही रक्त लागतं, आणि ते अतिशय बारीक वाहिन्यांतून येतं. या आजारांत बहुधा शरीर आपल्याच न्यूट्रोफिल (पांढऱ्या) पेशींमधल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, त्यांनाच एएनसीए म्हणतात. ही प्रथिनं म्हणजे एमपीओ किंवा पीआर३, रिपोर्टवर तीच नावं असतात. चेतवलेल्या न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीवर तुटून पडतात, भिंत सुजते, वाहिनी बंद होते आणि मज्जातंतूचा तेवढा भाग उपाशी पडतो. मांडीच्या आणि दंडाच्या मध्यावर वरून आणि खालून येणाऱ्या रक्तपुरवठ्याची टोकं भेटतात. कालव्याचं आवर्तन कमी पडलं की टेलच्या शेताचं पाणी आधी तुटतं, तसं इथे होतं. पाऊल उचलणाऱ्या पेरोनिअल नर्व्हला म्हणूनच वारंवार फटका बसतो.

मधुमेहात बहुधा दोन्ही पायांची बोटं सारखीच बधिर होतात आणि तो बधिरपणा वर्षानुवर्षं हळूहळू वर चढतो. इथे तसं नसतं. आज उजवा पाय, पंधरवड्याने डावा हात, आणि प्रत्येक वेळी दुखणं, आग, मग अशक्तपणा. याला मोनोन्युरायटिस मल्टिप्लेक्स म्हणतात. आपल्याकडे अशा चित्रात कुष्ठरोग आहे का हे पाहावंच लागतं. कातडीवर बधिर चट्टा आहे का, कोपराशी नर्व्ह जाड लागते का, हे बोटांनी चाचपून कळतं, त्याला मशीन लागत नाही.

एएनसीए व्हॅस्क्युलायटिसचे तीन प्रकार : जीपीए, एमपीए आणि ईजीपीए. जीपीएला जुन्या फाइलींत वेगेनर्स लिहिलेलं असेल. मज्जातंतूंना सर्वांत जास्त त्रास ईजीपीएमध्ये होतो, निम्म्याहून अधिक रुग्णांना. एमपीए हा मुख्यतः साठीनंतरचा आजार, त्यात मूत्रपिंड आणि फुप्फुस पुढे असतात. जीपीएबद्दल अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९३ साली ३२४ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यातल्या १०९ जणांना मेंदूचा किंवा मज्जातंतूंचा काही ना काही त्रास होता. हातापायांच्या मज्जातंतूंचा सर्वांत जास्त, त्याखालोखाल चेहरा, डोळा, कान यांच्या मज्जातंतूंचा. प्रत्यक्ष मेंदूवर परिणाम झालेले थोडे.

कोयनाकाठ

त्या थोड्यांतले माझे सासरे. वय ७४. हातपाय ठणठणीत होते, त्रास सगळा डोक्यात.

आधी डावा कान वाहायला लागला, ऐकू कमी झालं. कानात थेंब, अँटिबायोटिक, पडद्यात नळी, सगळं करून झालं. मग डोकेदुखी. रात्री वाढायची, झोपेतून उठवायची. साध्या एमआरआयमध्ये "वयानुसार बदल" एवढंच लिहून आलं. पुढे एका वस्तूच्या दोन दिसायला लागल्या, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आवाज बसला, पाणी पिताना ठसका लागायचा. पक्षाघात समजून आम्ही धावलो. तिथल्या डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी कॉन्ट्रास्ट देऊन पुन्हा एमआरआय केला. मेंदूवरचं बाहेरचं जाड आवरण, ड्युरा, एका बाजूला सुजून पांढरंशुभ्र चमकत होतं.

पहिली शंका टीबीची आली आणि एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, सुरू झाल्या. आपल्या भागात ती शंका येणं बरोबरच आहे. पण गोळ्या चालू असताना दुसरा डोळाही अडकायला लागला. तेव्हा एमपीओ एएनसीए पाठवला, तो पॉझिटिव्ह आला. शेवटी कवटीला छोटं छिद्र घेऊन आवरणाचा तुकडा काढला. त्यात टीबीचे जंतू नव्हते, रक्तवाहिन्यांचा दाह होता.

स्टिरॉइड सुरू झाल्यावर डोकेदुखी काही दिवसांतच उतरली. दोन दोन दिसणं महिन्या-दोन महिन्यांत गेलं. कान मात्र गेला तो गेला.

सांजवारा

वाचून काटा आला. दोघांचाही आजार एकाच कुळातला असेल असं कुणाला वाटेल?

पिंपळपान

कोयनाकाठ, याला हायपरट्रॉफिक पॅचिमेनिन्जायटिस म्हणतात. दुर्मीळ आहे, पण वयस्करांमध्ये तो आहे हे माहीत असणं गरजेचं आहे. जपानी डॉक्टरांनी याचा बराच अभ्यास केला आहे. २०१४ साली निइगाताच्या गटाने दाखवलं की एमपीओ एएनसीए असलेल्या अशा रुग्णांत वयस्कर स्त्रिया जास्त असतात आणि अनेकदा आजार ड्युरा, कान, नाक एवढ्यापुरताच राहतो. मूत्रपिंड, फुप्फुस साफ असतं, म्हणून व्हॅस्क्युलायटिस कुणाच्या डोक्यात येत नाही. कान वाहणं किंवा कानात पाणी साठणं, औषधांना दाद न देता वाढत जाणारा बहिरेपणा आणि चेहऱ्याची नर्व्ह जाणं, हे तिन्ही एकत्र दिसलं की जपानात एएनसीए लगेच पाठवतात.

सासऱ्यांच्या बाबतीत बायोप्सीचा आग्रह धरला गेला, ते योग्यच झालं. ड्युरा टीबीने जाड होतो, बुरशीने होतो, आयजीजी४ नावाच्या आजाराने होतो, लिम्फोमा या कॅन्सरने होतो. २०२१ मध्ये महाराष्ट्राने म्युकर, म्हणजे काळी बुरशी, पाहिला आहे. मधुमेही माणसाचं नाक, डोळा, डोकं एकाच वेळी दुखत असेल तर बुरशी नाही याची खात्री झाल्याशिवाय मोठ्या डोसचं स्टिरॉइड म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय टीबीमध्ये, हृदयाच्या झडपेच्या संसर्गात, थायरॉइडच्या काही गोळ्यांनीसुद्धा एएनसीए पॉझिटिव्ह येऊ शकतो. उलट ईजीपीएच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत तो निगेटिव्ह असतो. नुसत्या एका रिपोर्टवर काहीच ठरत नाही.

साठीनंतर नवी डोकेदुखी सुरू झाली, चावताना जबडा भरून येतो, केस विंचरताना कानशिलाला दुखतं, मध्येच नजर अंधारते, असं असेल तर तो मोठ्या रक्तवाहिन्यांचा वेगळा आजार असू शकतो, टेम्पोरल आर्टेरायटिस. या धाग्याचा विषय नाही, पण त्यात दृष्टी कायमची जाते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

रानजाई

माझ्या आईला एमपीए आहे, मूत्रपिंडावर परिणाम झाला आहे. स्टिरॉइडची मोठ्या डोसची सलाइन झाली आणि चौथ्या-पाचव्या रात्रीपासून असंबद्ध बोलू लागली. झोप नाही, भिंतीवर माणसं दिसतात म्हणते. आजार मेंदूत गेला का? कुणी नीट सांगत नाही. खूप घाबरले आहे.

पिंपळपान

रानजाई, घाबरणं साहजिक आहे, पण हे आत्ताच्या आत्ता वॉर्डातल्या डॉक्टरांच्या कानावर घाला, सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. मोठ्या डोसच्या स्टिरॉइडने असं होऊ शकतं आणि डोस उतरला की बहुधा निवळतं. पण त्यावर भिस्त ठेवण्याआधी संसर्ग, साखर, सोडियम, युरिया पाहावं लागतं. आणि रक्तदाब. मूत्रपिंड बिघडलेलं, दाब चढलेला आणि सोबत डोकेदुखी, धूसर दिसणं किंवा फिट, असं असेल तर मेंदूच्या मागच्या भागात सूज येते, तिला प्रेस म्हणतात. एमआरआयवर ती दिसते आणि दाब वेळेत आणला तर बहुतेकदा पूर्ण जाते. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा प्रत्यक्ष दाह या सगळ्यांपेक्षा दुर्मीळ आहे. त्यात लकवा, फिट किंवा बारीक रक्तस्राव दिसू शकतात.

रानजाई

दाब २०० च्या वर होता. औषध सुरू केलंय, एमआरआय सांगितलाय. धन्यवाद, खरंच.

गावरान

एक प्रामाणिक प्रश्न. स्टिरॉइडने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, हे सगळे सांगतात. आमच्या काकांना लघवीतून प्रोटीन जातं, पायाला मुंग्या आहेत, एएनसीए पॉझिटिव्ह आहे. घरच्यांचं म्हणणं आधी काही महिने काढे घेऊन पाहू. वाट पाहिली तर काय बिघडेल?

दूरदेशी

गावरानदादा, मी इंग्लंडमध्ये नर्स आहे, व्हॅस्क्युलायटिसच्या क्लिनिकमध्ये बरीच वर्षं काम केलं. काय बिघडेल ते आकड्यांत सांगते. १९५८ साली, म्हणजे परिणामकारक औषधं नव्हती तेव्हा, जीपीएच्या रुग्णांचा आढावा घेतला गेला होता. सरासरी आयुष्य ५ महिने, आणि वर्षभरात ८२ टक्के रुग्ण गेले. १९८३ साली अमेरिकेच्या एनआयएचमधून ८५ रुग्णांचा अहवाल आला. स्टिरॉइडसोबत सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिल्यावर ९३ टक्के रुग्णांत आजार पूर्ण आटोक्यात आला होता. ते काम करणाऱ्यांत अँथनी फाउची होते, कोविडमुळे पुढे जगाला माहीत झाले तेच.

स्टिरॉइडची भीती खोटी नाही, म्हणून तर जगभर डोस कमी करायचे प्रयत्न चालू आहेत. २०२० साली पेक्सिव्हास ही ७०४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. पहिल्या सहा महिन्यांत स्टिरॉइड झपाट्याने उतरवलं तरी मृत्यू किंवा मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याचं प्रमाण वाढलं नाही, गंभीर संसर्ग मात्र कमी झाले. वयस्करांसाठी हे फार मोलाचं आहे, कारण त्यांच्यात पहिल्या वर्षात संसर्गाने दगावणारे खूप असतात. आमच्याकडे २०२२ पासून अ‍ॅव्हाकोपॅन ही गोळीही जीपीए आणि एमपीएमध्ये स्टिरॉइड कमी करण्यासाठी मिळते.

काकांना थांबवू नका. मूत्रपिंड दुखत नाही, ओरडत नाही, काही आठवड्यांत जातं आणि मग डायलिसिस लागतं.

पिंपळपान

पूर्ण सहमत. जोडीला एक गोष्ट : चालू असलेलं स्टिरॉइड मनाने एकदम बंद करणंही तितकंच घातक. काही आठवडे घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायचं जवळजवळ सोडून देतं. गोळी थांबली की दाब कोसळतो, माणूस बेशुद्ध होऊ शकतो.

गावरान

काकांना उद्या नेफ्रोलॉजिस्टकडे नेतोय. चुलतभावाला हा धागा वाचून दाखवला.

हिशेबनीस

खर्चाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बाबांच्या वेळी आम्ही सायक्लोफॉस्फामाइडवर गेलो, ते जुनं आणि स्वस्त औषध आहे. रिटुक्सिमॅब या दुसऱ्या, महागड्या औषधाचं नाव ऐकून आधी छातीत धस्स झालं होतं. पण भारतात २००७ पासून देशी बनावटीचं रिटुक्सिमॅब मिळतं आणि आता अनेक कंपन्यांचं आहे, किमतीत बराच फरक असतो. हॉस्पिटलच्या दुकानात आणि बाहेर दोन्हीकडे चौकशी करा. २०१० साली दोन मोठ्या चाचण्यांत आजार आटोक्यात आणण्यात ते सायक्लोफॉस्फामाइडच्या तोडीचं ठरलं.

दुसरं, २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतचं कार्ड काढता येतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं. कोणता उपचार कोणत्या पॅकेजमध्ये बसतो हे हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. डिस्चार्जच्या दिवशी विचारून काही हाती लागत नाही.

चालतेबोलते

मी फिजिओथेरपिस्ट. औषधांनी दाह थांबला की घरच्यांना वाटतं पाऊल आता आठवड्याभरात उचललं जाईल. ते होत नाही, आणि मग पेशंट खचतो. इजा झालेला तंतू साधारण दिवसाला १ मिलिमीटर वाढतो. मांडीच्या मध्यावर इजा झाली असेल तर गुडघ्याखालच्या स्नायूपर्यंत पोचायला वर्षाच्या आसपास जातं. सत्तरीत त्याहून जास्त. हे पहिल्याच भेटीत सांगितलं तर पेशंट जास्त नेटाने व्यायाम करतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

तोवर पाऊल लोंबकळत ठेवू नका, टाच आखडते आणि नर्व्ह परत आली तरी पाऊल वळत नाही. एएफओ नावाचा प्लास्टिकचा स्प्लिंट मिळतो, तो चप्पलमध्ये नाही, मागून बंद असलेल्या बुटात घालायचा. मापाचा बनवून घ्या. बधिर तळव्यांची रोज रात्री कुणीतरी चष्मा लावून पाहणी करायची. फोड, काटा, बुटातला खडा पेशंटला कळत नाही, आणि स्टिरॉइडवर जखम भरत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने शेकणं पूर्ण बंद. चटका बसलेला सकाळी कळतो.

आग थांबवायला गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन देतात. मूत्रपिंड कमी चालत असेल तर त्यांचा डोस कमी लागतो, नाहीतर पेशंट दिवसभर झोकांड्या खातो. स्टिरॉइडने हाडं आधीच नाजूक झालेली असतात, एक पडणं म्हणजे खुब्याचं फ्रॅक्चर. बाथरूममध्ये धरायचा दांडा आजच बसवा.

कोयनाकाठ

चालतेबोलते, ठसक्यासाठी पण काही सांगा ना. सासऱ्यांना अजून पातळ पदार्थ गिळताना त्रास होतो.

चालतेबोलते

गिळण्याचं काम स्पीच थेरपिस्टचं, त्यांच्याकडे एकदा तपासून घ्याच. तोवर ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन, चमच्याने भरवा. नुसत्या पाण्यापेक्षा पेज, दाट ताक सोपं जातं. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका.

रानजाई

एमआरआयमध्ये प्रेसच निघालं. दाब उतरला, आई आज मला नावाने ओळखते आहे. पुढे रिटुक्सिमॅब द्यायचं म्हणताहेत. आधी काही तपासावं लागतं का?

दूरदेशी

किती बरं वाटलं! हो, हिपॅटायटिस बी तपासलाच पाहिजे, लपलेला असेल तर रिटुक्सिमॅबने उसळतो. भारतात टीबीही पाहतात. न्यूमोकॉकल, फ्लूची लस शक्य असेल तर आधी द्यायची, नंतर लस नीट लागू होत नाही. पण लसीसाठी उपचार मात्र अडवू नयेत. जिवंत जंतूंच्या लसी टाळायच्या. न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया होऊ नये म्हणून कोट्रायमोक्साझोलची गोळी देतात, ती अनावश्यक समजून गाळू नका. मूत्रपिंडाप्रमाणे तिचा डोस डॉक्टर ठरवतात.

हिशेबनीस

सांजवाराताई, आई कशा आहेत आता?

सांजवारा

हाताची पकड बरीच आली, पोळ्या लाटते. पाऊल स्प्लिंटवर आहे. अंगठा जरासा हलायला लागलाय, त्याचंच तिला केवढं अप्रूप! बायोप्सी घेतली तिथे घोट्याच्या बाहेर हातभर नाही पण तळहाताएवढा भाग बधिर राहिलाय. तो तसाच राहणार हे आधीच सांगितलं होतं. दम्यासाठी आणि स्टिरॉइड कमी व्हावं म्हणून मेपोलिझुमॅबचं इंजेक्शन सुचवलंय, त्याचा विचार चालू आहे.

पिंपळपान, एक विचारायचं राहिलं. तिच्या इओसिनोफिल वर्षभर आधीच्या एका रिपोर्टमध्ये नॉर्मल होत्या. असं कसं? आणि आजार उलटतोय हे आम्ही घरी कसं ओळखायचं?

पिंपळपान

दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स झाला असेल तर इओसिनोफिल काही दिवसांत खाली जातात आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. ही फसगत नेहमीची आहे. रिपोर्टच्या तारखेशेजारी त्या आठवड्यात कोणत्या गोळ्या चालू होत्या ते लिहून ठेवा. वाढलेल्या दिसल्या तरी आपल्याकडे आधी जंत आणि ॲलर्जी आठवतात, ते चूक नाही, पण दमा, पॉलिप आणि नर्व्ह सोबत असतील तर तिथे थांबू नये.

उलटण्याबद्दल : जुनी आग थंडीत, दमल्यावर कमीजास्त होते, ती भरून येणाऱ्या तंतूंची असते. चिंता करायची ती नव्या जागेच्या बधिरपणाची, कालपर्यंत उचलत असलेलं मनगट आज पडण्याची, पुन्हा कसर येऊन वजन उतरण्याची, दमा अचानक बेलगाम होण्याची, लघवीला फेस येण्याची किंवा ती चहाच्या रंगाची होण्याची. यातलं काहीही झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. लघवीची साधी तपासणी आणि क्रिएटिनिन डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना करत राहा, कारण तिथली गडबड अंगावर काहीच न दिसता सुरू होते. एएनसीएचा आकडा थोडा वर गेला म्हणून मात्र औषध वाढवत नाहीत, त्याने उगाच झोप उडवून घेऊ नका.